धरणाखालचा टॉवर

ऑफिसात तिला सगळे नकारघंटा म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण तिला पगारच मुळी नाही म्हणण्याचा मिळत होता. मोबाइल कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर रोमिंगची खोली होती. दोन टेबलं, सहा पडदे आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. आपला ग्राहक सीमेपलीकडे गेला की त्याचा फोन तिथल्या कुठल्या तरी टॉवरला धरायला बघतो. तो टॉवर इकडे विचारतो, हा तुमचा माणूस का, घेऊ का आत? घे किंवा नको, हे उत्तर नकारघंटेने लिहून ठेवलेल्या नियमांनुसार जातं. हा सगळा सवालजवाब पापणी लवायच्या आत उरकतो आणि ज्याच्या खिशात फोन आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो.

पलीकडे दोन कंपन्या होत्या. एकीशी करार होता. दुसरी महागडी, पण तिचे टॉवर दांडगे. खोलीत त्यांना नावंही तशीच पडली होती, एक मित्र आणि दुसरा शेठ. फोनला करारबिरार काही कळत नाही. तो आधी शेवटचं ओळखीचं नाव शोधतो, मग सिमकार्डातली यादी चाळतो आणि त्यातूनही काही हाती लागलं नाही तर ज्याची हाक मोठी त्याच्याकडे जातो. म्हणजे बहुतेक वेळा शेठकडे. तिथून त्याला परतवून मित्राच्या दारात नेऊन उभं करायचं, हे तिचं काम.

परतवण्याचे प्रकार दोन. एक नकार म्हणजे ‘आत्ता नाही’. हा ऐकून फोन थोड्या वेळाने पुन्हा येतो, पुन्हा नाही ऐकतो, आणि चारदा नाही ऐकूनही पाचव्यांदा आलाच तर समजायचं की बिचाऱ्याला तिथे दुसरं कुणी नाही, आणि गुपचूप आत घ्यायचं. शहाणी माणसं हाच नकार वापरतात. दुसरा नकार म्हणजे ‘इथे नाहीच’. तो ऐकला की फोन त्या कंपनीचं नाव सिमकार्डातल्या बंदीच्या यादीत लिहून टाकतो आणि पुन्हा आपणहून तिच्या वाटेला जात नाही. बंद करून चालू केला तरी नाही. फोन ही भलतीच मानी जात आहे.

तेरा वर्षं तिने पहिलाच नकार वापरला होता. पण गेल्या आठवड्यात साहेब दारात उभे राहून म्हणाले, "अजून निम्मे लोक शेठकडे जातायत. सोमवारी मला हा आकडा खाली दिसला पाहिजे. कसा, ते तुमचं तुम्ही बघा." वरिष्ठांनी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हटलं की पुढे जे काही अंगाशी येतं ते आपलंच असतं, हे तिला ठाऊक होतं. तरी सोमवारी सकाळी तिने नकार बदलला. जिथे मित्राचा टॉवरच नाही तिथे हा कडक नकार लावायचा नसतो, म्हणून तिने मित्राने पाठवलेला नकाशा उघडून पाहिला. नकाशा आख्खा निळा होता, निळं म्हणजे तिथे मित्राची हाक पोचते. डोंगर निळे, दऱ्या निळ्या, पांढरा ठिपका औषधालाही नाही. टॉवरवाल्यांचा नकाशा इतका निळा असतो का कधी? पण साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला होता. तिने मान डोलावली आणि नियम लावला. दुपारपर्यंत आकडा झरझर उतरला, आणि उतरलेल्या आकड्यात माणसं दिसत नाहीत.

गुरुवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, हॉस्पिटलमधून फोन आलाय. किडनी मिळालीय." वहिनी हे इतक्या हळू म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर ती परत जाईल. "आणि ह्यांचा फोन लागत नाहीये."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या किडन्यांनी हात टेकले, तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास तो यंत्राला जोडलेला असे. हॉस्पिटलच्या यादीत त्याचं नाव लागून तीन वर्षं झाली होती. यादीचा नियम सोपा होता. हॉस्पिटलपासून दोन तासांपेक्षा लांब जायचं नाही, आणि फोन वाजला की उचलायचा. दादा आंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेई. घरात कुणाचाही फोन वाजला तरी सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबत.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"अडीचपर्यंत थांबते म्हणाल्या त्या बाई. त्यांना ह्यांच्याशीच बोलायचंय. ताप आहे का, काय खाल्लंय, कधी पोचता, सगळं पेशंटने स्वतः सांगायला लागतं. नाहीतर यादीतल्या पुढच्याला लावणार. वन्सं, मी अकरा वेळा लावला."

"दादा आहे कुठे?"

"मासे पकडायला गेलेत. पलीकडे, धरणाखाली. आज यंत्राचा दिवस नाही ना. गेल्या महिन्यात मुद्दाम जाऊन बघून आले होते, तिथे सिग्नलच्या काड्या पूर्ण येतात म्हणाले, म्हणून मीच म्हटलं जा."

गेल्या महिन्यात. म्हणजे तिने नकार बदलायच्या आधी.

"वहिनी, तू फोन मोकळा ठेव. मी बघते काय करता येतं ते."

दादाचा नंबर तिला पाठ होता. तिने तो नोंदींत टाकला. सकाळची एक ओळ आली, सीमेजवळ मित्राच्या टॉवरवर, आत घेतलं. मग दहा बेचाळीसची एक ओळ. धरणाखालचा टॉवर, शेठचा. नाकारलं. कारण, इथे नाहीच. त्याच्याखाली काही नाही. तिने पान खाली ओढून पाहिलं, पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली ओढलं. ओळी आपोआप उगवत नाहीत.

धरणाची भिंत उंच होती, मित्राच्या टॉवरची हाक तिच्या खाली पोचत नव्हती, आणि नकाशा काढणाऱ्याला भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. धरणाखाली एकटा शेठ होता. दादाच्या फोनने शेठचं दार एकदा वाजवलं आणि त्याच्या सख्ख्या बहिणीने आतून सांगितलं, इथे नाहीच.

तिला वाटलं आपण ओरडावं. त्याऐवजी ती खुर्चीत आणखी ताठ बसली.

शेजारच्या टेबलावर आजोबा होते. त्यांना नातवंडं नव्हती, पण पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि टॉवर लाकडी खांबांचे होते तेव्हापासून आपण इथे आहोत असं ते सांगत, म्हणून आजोबा. त्यांनी मान वळवून तिचा पडदा पाहिला.

"कोण आहे गं हा?"

"भाऊ." तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आजोबांच्या तोंडावरची नेहमीची चेष्टा उतरली.

"आधी नियम काढ," ते म्हणाले.

तिने काढला. सगळ्या टॉवरांवरचा काढला, साहेबांना न विचारता. घड्याळात एक एकतीस झाले होते. दोघंही पडद्याकडे बघत राहिले, आणि दोघांनाही माहीत होतं की काही होणार नाही.

"दार उघडलंस खरं," आजोबा म्हणाले, "पण तो आता दाराकडे बघणारच नाही."

"त्याने हाताने कंपनी निवडली तर होईल. सेटिंगमध्ये जाऊन."

"तुझा भाऊ जाईल सेटिंगमध्ये?"

दादा आठ मजल्यांच्या लिफ्टचं पोट उघडून अंधारात हाताने तारा ओळखायचा, पण फोनमध्ये हिरवं आणि लाल बटण सोडलं तर तो कशालाही बोट लावत नसे. शिवाय आपला फोन मुका झालाय हे त्याला कळायला तर हवं. समोर टॉवर असला की काड्या दिसतात. फक्त वर बारीक अक्षरांत ‘आपत्कालीन कॉल’ एवढंच लिहून येतं, आणि चष्मा न घालता मासे पकडणारा माणूस काड्याच बघतो.

आजोबांनी पलीकडच्या पोलिसांना फोन लावला. तिथल्या हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं, दादाच्या गाडीचा रंग विचारला, आणि आमची गाडी घाटात अडकलीय, मोकळी झाली की पाठवतो, असं म्हणाला. इथून कुणी निघालं तर पोचायला सव्वा तास. एक अडतीस झाले होते. तिने मनातल्या मनात बेरीज केली आणि सोडून दिली.

"बंदीच्या यादीत जागा चारच असतात," आजोबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पाचवं नाव आलं की पहिलं गळून पडतं. पण तिथे पाचवं नाव आणायचं कुठून? टॉवर एकच."

"नाव," ती म्हणाली. "आजोबा, टॉवर एक आहे. नाव दुसरं लावता येतं."

टॉवर म्हणजे तरी काय, दिवसरात्र आपल्या मालकाचं नाव पुकारत उभा असलेला खांब. फोन खांब बघत नाही, नाव ऐकतो. आणि एकाच खांबाला दोन नावंही पुकारता येतात. मागच्या वर्षी पुरात मित्राचे टॉवर आडवे झाले तेव्हा सरकारने दरडावून सांगितल्यावर शेठने दोन आठवडे आपल्या टॉवरांवरून मित्राचंही नाव पुकारलं होतं. दादाच्या फोनमध्ये बंदी शेठच्या नावाला होती. त्याच खांबावरून मित्राचं नाव ऐकू आलं, तर तो मानी फोन धावत जाईल.

"कळ शेठच्या हातात आहे," आजोबा म्हणाले. "आणि शेठला तू मंगळवारपासून काय सांगत आलीयस?"

ही आठवण त्यांनी करून द्यायची गरज नव्हती. मंगळवारी शेठच्या रोमिंगच्या माणसाने तिला मेल पाठवली होती. तुमचे ग्राहक अचानक आटले, आमच्या बाजूला काही बिघाड आहे का? तिने उत्तर दिलं होतं की तांत्रिक अडचण आहे, तपास चालू आहे. सगळेच असं लिहितात. आम्ही तुम्हाला मुद्दाम टाळतोय, असं कुणी कुणाला लिहून देत नाही. बुधवारी त्याची आणखी एक मेल आली. आमची माणसं दोन दिवस टॉवर तपासतायत, काही सापडत नाही. त्या मेलला तिने उत्तरच दिलं नव्हतं.

तिने नंबर फिरवला. एक पंचेचाळीस.

"बोला," पलीकडचा म्हणाला. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून तो जागरण झालेला माणूस वाटत होता. "सापडली का तुमची तांत्रिक अडचण?"

तोंड उघडताना तिला क्षणभर वाटलं की अजूनही एखादी थाप चालून जाईल. अर्धवट काहीतरी सांगायचं, काम करून घ्यायचं. पण थाप रचायला वेळ लागतो आणि वेळच तर नव्हता.

"अडचण नव्हती," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे येणारे फोन मुद्दाम नाकारत होते. सोमवारपासून कडक नकार लावला होता. तुमच्या टॉवरांत काही बिघाड नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझी दोन माणसं काल दिवसभर खांबावर चढली होती बाई. वाऱ्यात."

"हो. माझं चुकलं."

"आणि हे आज का सांगताय?"

तिने सांगितलं. भाऊ, किडनी, अडीच वाजता, धरणाखालचा टॉवर. आपण भीक मागितल्यासारखं बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिला पूर्ण बोलू देऊन पलीकडचा म्हणाला, "पुरातली जोडणी अजून आहे. नुसती बंद ठेवलीय. पण नाव लावायचं म्हणजे टॉवर झोपवून उठवावा लागतो. सात मिनिटं. धरणाखाली वस्ती आहे, दोनेकशे माणसं. त्या सात मिनिटांत कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर त्याला कुणालाच फोन लावता येणार नाही. त्याचं काय?"

आपला भाऊ एका पारड्यात आणि न पाहिलेली दोनशे माणसं दुसऱ्यात, हे तिला नको होतं, पण ते समोर होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं. आत्ता तुम्ही ‘काही होत नाही’ म्हणाला असतात तर मी फोन ठेवला असता." त्याने सुस्कारा सोडला. "वरची परवानगी लागेल. आणि मला तुमच्याकडून लेखी हवं. जे आत्ता बोललात ते सगळं. कधीपासून, कुठला नकार, कुणाच्या सांगण्यावरून. ते हातात असल्याशिवाय वरचा माणूस सही करणार नाही."

"पाठवते."

तिने मेल उघडली. अशी मेल लिहायला साहेबांची, कायद्याच्या खात्याची आणि बहुधा देवाची परवानगी लागते. तिने चार ओळी लिहिल्या. ‘साहेबांच्या सूचनेवरून’ असं लिहिलं, मग ते पुसलं. साहेबांनी आकडा मागितला होता, नकार तिने निवडला होता. ‘माझ्या निर्णयाने’ असं लिहिलं. मेलची एक प्रत साहेबांना जाईल असं केलं, कारण त्यांना नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं. पाठवायच्या बटणावर बोट होतं तेव्हा आजोबा म्हणाले, "नोकरी जाईल हं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि दाबलं. एक चोपन्न.

मग वाट बघणं. परवानगी देणारा माणूस बैठकीत होता. दोन वाजले. दोन पाच झाले. वहिनीचा फोन आला, काही कळलं का, आणि ती म्हणाली, चालू आहे. सगळं वहिनीला सांगण्याचं धाडस तिचं झालं नाही. साऱ्या जगाला लिहून दिलं आणि एका वहिनीला तोंडाने सांगवेना. दोन आठला साहेब दारात आले. चेहरा लालबुंद, हातात फोन.

"हे काय पाठवलंय तुम्ही? डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाही," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अडीचनंतर बोला."

साहेबांना असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार तोच आजोबा उठले, त्यांना कोपराला धरून बाहेर घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. साहेब परत आत आले नाहीत.

दोन तेराला पलीकडच्याचा आवाज आला, "सही झाली. झोपवतोय."

धरणाखालचा टॉवर गप्प झाला. दोन चौदा. दोन सोळा. यादीतला पुढचा माणूसही या वेळी आपला फोन उशाशी घेऊन बसला असेल, त्याचीही कुणी वहिनी असेल, असा एक विचार तिच्या मनात डोकावला. तिने त्याला हाकललं. तो पुन्हा आला. दोन एकोणीस. तिने हाताच्या घामाने ओला झालेला माउस ओढणीला पुसला.

"उठतोय," पलीकडचा म्हणाला. "एकवीस. दोन्ही नावं लावलीत. बघा तुमच्याकडे."

पडद्यावर काही नव्हतं. मग एक ओळ आली. धरणाखालून, मित्राच्या नावाने, कुणातरी अनोळखी नंबराची. मग दुसरी. मग एकदम तीन. ती प्रत्येक नंबराचे शेवटचे आकडे ओठांनी वाचत होती, आणि एकही आपला नव्हता. दोन तेवीस. फोनची बॅटरी संपली असेल तर? पाण्यात पडला असेल तर? दादा कंटाळून निघून, दोन डोंगरांच्या मध्ये कुठेतरी असेल तर?

दोन चोवीसला दादाचा नंबर आला. आत घेतलं.

तिचा हात आपोआप फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. आपण लावला तर त्याची लाइन अडेल. त्याचा आवाज ऐकायचा हक्क आत्ता तिचा नव्हता. तिने वहिनीला लावला.

"त्या बाईंना सांग, आत्ता लावा. आत्ताच्या आत्ता. आणि तू लावू नकोस, कुणी लावू नका."

हॉस्पिटलचा कॉल तिला पडद्यावर दिसला. दोन सव्वीस. बाहेरून आला, दादाच्या नंबराकडे वळला, पलीकडे गेला. समोर एकच शब्द आला, ‘वाजतोय’. पाच सेकंद. दहा. हातात गळ असेल, हात ओले असतील. पंधरा. "उचल की रे," ती मोठ्याने म्हणाली. वीस. परत आलेले आजोबा तिच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे होते. तेविसाव्या सेकंदाला शब्द बदलला. ‘चालू’.

आत काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू येणार नव्हतं. फक्त सेकंद मोजले जात होते. एक मिनिट. दोन. ताप आहे का, काय खाल्लं. तीन. नको म्हणायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता. तिने स्वतःला हे पटवलं आणि पटलं नाही. चार मिनिटं बारा सेकंदांनी कॉल संपला.

दोन मिनिटांनी वहिनीचा फोन आला, पण तिच्या रडण्यातून एकच शब्द कळला. "निघाले." तेवढ्याने तिच्या जिवात जीव आला. तिने डोकं टेबलावर ठेवलं आणि आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून लगेच काढून घेतला, कारण त्यांना असल्या गोष्टींची सवय नव्हती.

दादाचा फोन तीनला पाच कमी असताना आला. तो नाक्यावरच्या रांगेत होता.

"बारके! ऐकलंस का?" त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "सहाच्या आत या म्हणाल्या. पुढे चार गाड्या आहेत, मग सुटलोच. सकाळपासून नुसती बिस्किटं खाल्लीत, तेही बरंच झालं म्हणाल्या. आणि तुझी कंपनी म्हणजे ना, अगदीच भिकार! तुझी वहिनी म्हणतेय तासभर लागतच नव्हता. काड्या पूर्ण होत्या गं!"

आता तरी गप्प बसावं. ऑपरेशन होऊ दे, टाके पडू दे, घरी येऊ दे, मग सांगू. असं कुणीही शहाण्याने केलं असतं.

"दादा, ते मी बंद केलं होतं," ती म्हणाली. "आकडा खाली आणायला. तिथे दुसरा टॉवर आहे असं नकाशात होतं, मी खातरजमा केली नाही. तुझ्या फोनला मीच नाही म्हटलं."

पलीकडे गाड्यांचे आवाज. कुणीतरी हॉर्न वाजवला.

"तीन वर्षं मी आंघोळीला फोन नेतोय, बारके," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"हो."

"तीन वर्षं."

"हो, दादा."

गाडी थोडी पुढे सरकल्याचं ऐकू आलं. मग त्याने विचारलं, आणि हा आवाज त्याचा कामावरचा होता, "आत किती जण होते?"

"काय?"

"लिफ्ट अडकली की पहिलं हेच विचारायचं असतं. का अडकली, कुणी अडकवली, ते नंतर. आत किती जण होते?"

तिने पाहिलंच नव्हतं. दीड तास ती त्या नोंदींत डोकं घालून होती आणि तिने एकच नंबर शोधला होता. तिने धरणाखालचा टॉवर निवडला, सोमवारपासूनची तारीख टाकली, आणि ओळी मोजल्या.

"सदतीस."

"सगळे निघाले?"

तिने एकेक नंबर तपासायला घेतला. दादा थांबला. बरेच जण खोऱ्यातून केव्हाच बाहेर पडून मित्राच्या टॉवरांवर गेले होते. काही घरी परतले होते. अकरा जण आत्ता, नाव लागल्यावर आले होते, दादा धरून. ती शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि तिने ती दोनदा वाचली. मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नाकारलेला एक नंबर. त्यानंतर कुठेही नाही, ना तिथे, ना इथे. त्या नंबरासाठी बावन्न मेसेज अडकून पडले होते, आणि बावन्नही एकाच नंबरावरून आलेले.

"छत्तीस," ती म्हणाली.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" दादा म्हणाला. "मला रस्ता माहीत आहे. ठेव फोन."

त्यानेच ठेवला. तिने पलीकडच्याचा नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"आता काय?" तो म्हणाला.

"धरणाखाली अजून एक माणूस आहे," ती म्हणाली. "परवापासून."